कोरड्या नाहालातील पूर

पाऊस म्हटला की कोकणातून आलेल्या आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. वैशाख सरता सरता आगोटीची कामे उरकायची, कौले चाळून घ्यायची, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवायची. मग मृग लागला की पाऊस येणार तो वाजतगाजत, आणि चार महिने मुक्काम करणार. ओढ्याला पाणी चढायचे तेही आपल्या देखत. सकाळपासून धो धो कोसळतो आहे, तेव्हा दुपारी साकवावरून पलीकडे जाता येणार नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळत असे. पाऊस डोक्यावर आणि पूर दारात, दोन्ही एकाच वेळी.

इस्राएलच्या दक्षिणेकडील वाळवंटात या सवयीचा काही उपयोग नाही. उलट ती घातक आहे. तेथे लख्ख ऊन पडलेले असताना कोरड्या ठणठणीत नाहालात माणसे बुडून मेलेली आहेत.

दिमोना, येरुहाम, बेर-शेवा, एलात येथे आपली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांना यातले बरेचसे अनुभवाने ठाऊक असेल, आणि माझे सांगणे म्हणजे त्यांना सुताराने सुताराला रंधा दाखवावा तसे वाटेल. परंतु लोद, रामला, अश्दोदकडील मंडळी सुक्कोथच्या किंवा पेसाहच्या सुटीत नातवंडांना घेऊन मृत समुद्राकडे नाहीतर मित्स्पे-रामोनकडे जातात, आणि नातवंडे तर शाळेच्या तियुलबरोबर जातातच. घरातल्या आजी-आजोबांना मुले निघताना एकच प्रश्न सुचतो: ‘टोपी घेतलीस का? पाणी घेतलेस का?’ तो योग्यच आहे, पण पुरेसा नाही. मी पुष्कळ वर्षे भूगोल शिकविला, तेव्हा या विषयावर एक धडा आपल्या मराठी पानांतून द्यावा असे वाटले.

प्रथम आकडे पाहू. कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथेरानला त्याच्या दुपटीहून जास्त. येरुशलेममध्ये सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पडतो. बेर-शेवाला दोनशेच्या आसपास, स्दे-बोकेरला शंभराच्या आत-बाहेर, आणि एलातला जेमतेम पंचवीस-तीस. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे एलातला तीस वर्षांत पडतो तितका पाऊस तेथे चोवीस तासांत पडला. हे आकडे वाचून कोणीही म्हणेल, जेथे पाऊसच नाही तेथे पूर कसला?

याचे उत्तर आभाळात कमी आणि जमिनीत जास्त आहे. आपल्याकडचा जांभा पाणी पितो. भाताच्या खाचरांचे बांध पाणी अडवितात, झाडांची मुळे ते धरून ठेवतात, गावची तळी आपला वाटा घेतात. एवढ्या सर्वांची तहान भागली की मग उरलेले पाणी ओढ्याला मिळते. नेगेव्हमध्ये यातले काहीच नाही. डोंगरउतारावर उघडा खडक. जेथे माती आहे तेथे ती वाऱ्याने वाहून आणलेली पिवळसर, पिठासारखी बारीक माती आहे, तिला लोएस म्हणतात. कोरडी असताना ती पायाखाली भुरभुरते. पण पावसाचे पहिले टपोरे थेंब आपटले की तिचे बारीक कण एकमेकांत घट्ट बसतात आणि वर एक पापुद्रा तयार होतो. शेणाने सारवून वाळलेले अंगण आठवा. त्यावर तांब्याभर पाणी ओतले तर ते मुरत नाही, उताराकडे धावते. नेगेव्हचा सारा डोंगराळ प्रदेश म्हणजे असे एक अवाढव्य सारवलेले अंगण आहे, आणि त्या अंगणाला उतारही भरपूर आहे.

आता थोडे गणित करू. माझे विद्यार्थी या ठिकाणी तोंड वाकडे करीत, वाचकांनी करू नये. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी दहा लाख लिटर होते. एका मध्यम आकाराच्या नाहालाचे पाणलोट क्षेत्र पन्नास चौरस किलोमीटर धरा, आणि त्यावर एका गडगडाटी सरीत वीस मिलिमीटर पाऊस पडला असे समजा. कोकणात वीस मिलिमीटरला आपण पाऊस म्हणत नाही, शिंतोडे म्हणतो. तरी ते पाणी शंभर कोटी लिटर भरते. त्यातले तीन हिस्से खडकाच्या भेगांत, वाळूत व खळग्यांत गेले आणि एकच हिस्सा वाहिला असे मानले तरी पंचवीस कोटी लिटर पाणी एका अरुंद वाटेने निघाले. ते दोन तासांत जायचे तर दर सेकंदाला सुमारे पस्तीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर आपण पाहिले आहेत; तसे साडेतीन टँकर प्रत्येक सेकंदाला रिकामे होत आहेत, आणि घळीची रुंदी आपल्या दिवाणखान्याएवढी किंवा त्याहूनही कमी आहे.

शिवाय ते पाणी म्हणजे नुसते पाणी नसते. वाटेतला गाळ, गोटे, बाभळीची खोडे, मेलेली जनावरे, कोणी टाकून दिलेले लोखंडी सामान, सगळे त्यात असते. गढूळ पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असते, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून पट्टीचा पोहणाराही येथे तरत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण समुद्राकाठी आणि खाडीत पोहण्यात गेले आणि पाण्याचे भय आपल्याला तसे कमीच आहे.

हा पाऊस येतो कोठून? येथे वळवाच्या पावसाची आठवण उपयोगी पडेल. वळीव कसा, दुपारी ढग जमतात, वीज कडकडते, या गावात झोडपून काढतो आणि शेजारच्या गावात धूळसुद्धा भिजत नाही. नेगेव्हचा पाऊस बहुतांशी त्याच जातीचा आहे, आणि त्याच्यामागून मृग येत नाही, इतकाच फरक. शरद ऋतूत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि पुन्हा वसंतात, तांबड्या समुद्राकडून कमी दाबाचा एक पट्टा उत्तरेकडे सरकतो. त्याच्याबरोबर उष्ण कटिबंधातील दमट हवा येते. त्याच वेळी वरच्या थरात उत्तरेकडील थंड हवा असली तर खालची हवा वेगाने वर उसळते आणि सिनाय, नेगेव्ह व अरावा यांवर गडगडाटी ढग उभे राहतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र पाऊस भूमध्य समुद्रावरून, सायप्रसच्या बाजूने येतो. तो हेब्रोन आणि येरुशलेमच्या डोंगरमाथ्यावर पडतो, आणि त्याचे पाणी पूर्वेकडे यहूदियाच्या वाळवंटातून मृत समुद्राकडे उतरते. येरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर वर, मृत समुद्राचा काठ चारशे तीस मीटरहून अधिक खाली. मधले अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे. एवढ्या तीव्र उतारावर पाण्याला दम खायला जागाच नाही.

उन्हाळ्यात येथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि त्याचे एक कारण आपल्या मुलखाशी जोडलेले आहे. हवामानशास्त्रज्ञ रॉडवेल व हॉस्किन्स यांनी १९९६ साली दाखवून दिले की हिंदुस्थानावर मान्सूनच्या दिवसांत जी प्रचंड हवा वर चढते तिचा परिणाम पश्चिमेकडे दूरवर पोहोचतो, आणि पूर्व भूमध्य प्रदेशावरची हवा खाली बसू लागते. खाली येणारी हवा तापते व कोरडी होते. तिच्यात ढग धरत नाहीत. अलिबागला छत्री उलटी करणारा पाऊस आणि बेर-शेवाचे निळेभोर आभाळ यांचे असे नाते आहे. शाळेत मला हे कोणी शिकविले नव्हते, कारण तेव्हा ते कोणाला इतके स्पष्ट माहीत नव्हते.

असो. मुख्य गोष्ट नकाशाची. नाहालाची घळ पाहताना आपण ती पुढे कोठे जाते हे पाहतो. पाहायला हवे ते ती मागे कोठून येते. नाहाल पारान हा नेगेव्हमधील सर्वांत मोठा नाहाल सुमारे दीडशे किलोमीटर लांब आहे आणि त्याचा उगम मिसर देशाच्या हद्दीत, सिनायमध्ये आहे. तेथे रात्री पडलेल्या पावसाचे पाणी अरावातल्या माणसापुढे दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर उभे राहू शकते. नाहाल त्सिन रामोनच्या कडेवरून निघून सुमारे एकशे वीस किलोमीटर वळणे घेत मृत समुद्राकडे जातो. एन-अवदातला आपण जे पांढरे कडे आणि हिरवे पाणी पाहायला जातो ते त्याच्याच वाटेवर आहे. एन-गेदीजवळच्या नाहाल अरुगोतचे पाणी हेब्रोनच्या डोंगरांतून येते. खाली मृत समुद्रावर माणसे उघड्या अंगाने ऊन खात असतात आणि वर हेब्रोनला छत्र्या उघडलेल्या असतात. लहान मख्तेश तर वाडग्यासारखा आहे, सुमारे सात किलोमीटर लांब व पाच रुंद, आणि पाण्याला बाहेर पडायला एकच फट. वाडग्यात पाऊस पडला की त्या फटीत काय होईल हे सांगायला भूगोलाची शिक्षिका लागत नाही.

हे ज्ञान नवे नाही. एलियाहू हन्नबींचे शिष्य अलीशा यांची गोष्ट राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात आहे. इस्राएल, यहूदा आणि एदोम यांचे राजे मवाबावर चालून जाताना सात दिवस वाळवंटातून फिरले, सैन्याला व जनावरांना पाणी मिळेना. तेव्हा अलीशांनी त्या खोऱ्यात जागोजागी चर खणायला सांगितले आणि भाकीत केले की वारा दिसणार नाही, पाऊस दिसणार नाही, तरी हे खोरे पाण्याने भरेल. सकाळच्या अर्पणाच्या वेळी एदोमच्या बाजूने पाणी आले. पलीकडून मवाबी लोकांना ते उन्हात रक्तासारखे तांबडे दिसले. ईश्वरी चमत्कार तो चमत्कारच, त्याविषयी मी काही बोलत नाही. पण एदोमचे डोंगर तांबड्या दगडाचे आहेत, आणि वाळवंटातील पुराचे वर्णन याहून नेमके क्वचितच सापडेल: पाऊस दुसरीकडे, पाणी येथे, रंग डोंगराच्या मातीचा. शब्बाथच्या जेवणानंतर आपण म्हणतो त्या शीर हामालोतमध्ये, १२६ व्या स्तोत्रात, नेगेव्हच्या ज्या प्रवाहांचा उल्लेख येतो ते हेच, वर्षभर कोरडे असून अचानक भरून वाहणारे.

आपली मुले सैन्यातून सुटली की जगभर भटकायला निघतात, काहींचे नातलग अमेरिकेत आहेत, म्हणून तिकडची एक गोष्ट येथेच सांगते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस ॲरिझोना, न्यू मेक्सिको, युटा या राज्यांत वाळवंटी पठारे आहेत, दीड-दोन हजार मीटर उंच. तेथील लोक उन्हाळी पावसाला चक्क मान्सून म्हणतात. शब्द मूळचा अरबी, मौसिम, आपण मोसम म्हणतो तोच. तिकडेही उन्हाळ्यात वाऱ्यांची दिशा बदलते, कॅलिफोर्नियाच्या आखातावरून व मेक्सिकोकडून ओलावा येतो, आणि जुलै ते सप्टेंबर दुपारच्या सुमारास डोंगरमाथ्यांवर ढग फुगू लागतात. सकाळी निरभ्र, तीन वाजता गडगडाट. म्हणजे आमच्या येथे जो धोका ऑक्टोबर ते मे असतो तो तेथे ऐन उन्हाळ्यात, प्रवाशांच्या गर्दीच्या दिवसांत असतो. पेज गावाजवळ अँटिलोप कॅन्यन नावाची वाळूच्या दगडाची घळ आहे, इतकी अरुंद की काही ठिकाणी दोन्ही हातांनी दोन्ही भिंतींना टेकता येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तेथे अकरा प्रवासी वाहून गेले. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हता. वादळ काही मैल वरच्या बाजूला झाले होते.

जवळच्या गोष्टी अधिक झोंबतात. पेत्राला जाण्याची जी अरुंद वाट आहे, सीक नावाची, तिच्यात एप्रिल १९६३ मध्ये वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी पुरात सापडून मेले. नवलाची गोष्ट ही की प्राचीन नबाती लोकांनी त्या वाटेच्या तोंडाशी बांध घालून आणि डोंगरातून बोगदा खोदून पुराचे पाणी दुसरीकडे वळविले होते. शतकानुशतके तो बांध मोडून पडला होता. १९६३ च्या अपघातानंतर नवा बांध घालून पाणी पुन्हा त्याच जुन्या बोगद्याकडे वळविण्यात आले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इंजिनियरांना जे कळले होते ते पुन्हा कळायला वीस-बावीस माणसांचे प्राण जावे लागले.

२५ ऑक्टोबर २०१८ रोजी जॉर्डनच्या बाजूला, मृत समुद्राच्या पूर्व काठाजवळ झारका माईन येथे शाळेची सहल पुरात सापडली आणि एकवीस जण मेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. आणि त्याच वर्षी सहा महिने आधी, २६ एप्रिल रोजी, आमच्या बाजूला नाहाल त्साफितमध्ये दहा तरुण मेले. नऊ मुली आणि एक मुलगा. शाळा संपवून सैन्यात जाण्यापूर्वीच्या अभ्यासवर्गाला ती जायची होती. पंचवीस-एक जणांचा गट होता. हवामान खात्याने वाळवंटात पुराचा धोका असल्याचे आदल्या दिवसांपासून जाहीर केले होते. आदल्याच दिवशी देशात पुराने जीव गेले होते. तरी तियुल ठरल्याप्रमाणे निघाला.

त्या बातमीने अनेक शिक्षक हादरले, मीही त्यांतली एक. कायद्याने दोष कोणाचा ते न्यायालयाचे काम, मी त्यात शिरत नाही. परंतु सहल कशी ठरते ते मला ठाऊक आहे. तारीख महिनाभर आधी ठरते, बस सांगितलेली असते, पैसे भरलेले असतात, पालकांच्या सह्या आलेल्या असतात. अशा वेळी सकाळी उठून ‘आज जायचे नाही’ म्हणणे हे वर्गात सर्वांत कठीण काम आहे. मुले हिरमुसतात, मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालतात, आणि संध्याकाळी पाऊस पडलाच नाही तर आठवडाभर सगळे आपल्याकडे पाहून हसतात. पालकांनीच याबाबतीत शिक्षकांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. सहल रद्द झाली म्हणून पैशांसाठी कुरकुरणारा एखादा पालक दरवर्षी भेटतो. तो शिक्षकाला पुढच्या वेळी न थांबण्याचे शिक्षण देत असतो. आणि अठरा वर्षांची मुलगी घरी येऊन म्हणाली की उद्याच्या वाटेची भीती वाटते, तर तिला भित्री म्हणू नये, पावसाचा अंदाज तिच्याबरोबर बसून पाहावा.

तो अंदाज कसा पाहावा? आपल्या गावचा पाऊस पाहून भागत नाही. बेत-दागान येथील हवामान खाते पुराचे इशारे प्रदेशवार देते: उत्तर नेगेव्ह, दक्षिण नेगेव्ह, यहूदियाचे वाळवंट व मृत समुद्र, अरावा. जेथे जायचे त्या नाहालाचा उगम ज्या प्रदेशात आहे तेथील इशारा वाचावा. निसर्ग व उद्याने प्राधिकरण अशा दिवशी वाटा बंद करते. बंद म्हणजे बंद, साखळीखालून वाकून जाण्यासाठी नव्हे. घळीत रात्रीचा तंबू कधीही ठोकू नये, मग वाळू कितीही मऊ असो. मऊ वाळू तेथे आणली कोणी, हा प्रश्न मी नातवंडांना विचारते.

घळीत असताना काय दिसले म्हणजे सावध व्हावे? क्षितिजावर, वरच्या बाजूला काळे ढग किंवा विजा. ओल्या मातीचा वास, ऊन असूनसुद्धा. खळग्यातले स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या व फेस तरंगत येणे. आणि आवाज: लांबून मालगाडी यावी तसा घरघराट, त्यात दगडांचे ठोके. आवाज ऐकू आला तर पिशव्या गोळा करीत बसू नये आणि घळीतून पुढे धावू नये, कारण पाणी आपल्यापेक्षा वेगाने धावते. बाजूला आणि वर, जेथे जमेल तेथे, जितके जमेल तितके वर चढावे. चढायला जागाच नसलेल्या घळी असतात. त्यांच्यासाठी उपाय एकच, इशाऱ्याच्या दिवशी त्यांत उतरायचे नाही.

मोटारीविषयी दोन शब्द, कारण पुरात सापडणाऱ्यांत पायी चालणाऱ्यांइतकाच मोटारवाल्यांचाही भरणा असतो. मृत समुद्राकाठचा आणि अरावातला ९० क्रमांकाचा रस्ता अनेक नाहाल ओलांडतो. रस्त्यावरून पाणी वाहताना दिसले की चालकाला वाटते, हे काय, घोट्याएवढे तर आहे. पंधरा सेंटिमीटर वाहते पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते. तीस सेंटिमीटरमध्ये लहान मोटार वाहून जाते आणि साठमध्ये बहुतेक सर्व मोटारी, त्यात त्या उंच चाकांच्या जीपगाड्याही आल्या ज्यांच्या जाहिरातींत नेहमी पाणी उडताना दाखवितात. गढूळ पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की वाहून गेले, हेही वरून कळत नाही. घरची मंडळी एलातला वाट पाहत असतील तर त्यांना फोन करून सांगावे की दोन तास उशीर होईल. बहुतेक पूर काही तासांत उतरतो. कोणी पाण्यात अडकलेले दिसले तर आपण उडी न घेता १०० वर पोलिसांना आणि १०१ वर मागेन दावीद अदोमला कळवावे.

एवढे सांगितल्यावर पुराची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. अवदातजवळ मायकेल एवेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्राचीन शेतीचे एक शेत पुन्हा उभे केले. वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाहेरून पाण्याचा थेंब नाही, आणि तरी बदाम, जर्दाळू, पिस्त्याची झाडे जगली, फळली. युक्ती अशी की साधारण वीस हिस्से उघड्या उताराचे पाणी लहान लहान चरांनी एका हिश्श्याएवढ्या शेतात आणायचे आणि दगडी बांधांनी थोपवून मुरू द्यायचे. सारवलेल्या अंगणाचा दोष त्यांनी पन्हळीसारखा वापरला. पाणी थोडे असतानाच, वरच्या वर धरायचे. ते नाहालात एकत्र झाल्यावर त्याला कोणी धरू शकत नाही. कोकणात उतारावर खाचरे बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे शेत पाहून परके वाटले नसते.

हल्ली इशारा आला की पूर पाहायला निघणाऱ्यांची संख्या वाढली आहे. आमच्या ओळखीतली तरुण मंडळीही जातात. पाहण्यासारखे दृश्य असते यात शंका नाही: आधी नाहालाच्या कोरड्या पात्रात एक तपकिरी जीभ सरकत येते, फेस आणि कस्पटे पुढे ढकलीत, आणि बघता बघता मागून सगळे पात्र भरते. पाहायचे तर उंच, पक्क्या काठावरून, उजेडात, आणि परतीचा रस्ता कोणताही नाहाल न ओलांडणारा असेल तरच. काठाच्या अगदी कडेला उभे राहू नये. पाणी खालून माती खाते आणि वरचा भाग धडधाकट दिसत असतानाच ढासळतो.

पूर गेल्यावर वाट उघडेपर्यंत काही दिवस थांबावे लागते. गाळ गुडघाभर असतो, ओळखीच्या खुणा नाहीशा झालेल्या असतात आणि चढण्याच्या शिड्या-कड्या तपासाव्या लागतात. त्यानंतर मात्र जरूर जावे. खडकातल्या खळग्यांना येथे गेव म्हणतात. सावलीतल्या खोल गेवांत पुराचे पाणी पुढे कित्येक आठवडे राहते, आणि पहाटे लवकर गेल्यास रानबकऱ्या आपली पिल्ले घेऊन त्यावर आलेल्या दिसतात.